निरोगी नमुना

रविवारी प्रयोगशाळेत दाण्यांना भरवायला कुणीतरी यावं लागे, आणि ते कुणीतरी म्हणजे डॉ. कुंतला मगदूम, असं सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, घरी वाट बघणारं कुणी नाही. मग रविवार तिचाच. तिलाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मिरजेतल्या एका जुन्या दूध शीतगृहाच्या इमारतीत मनाच्या आजारांची जनुकं तपासणारी ही मनोजनुक प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हापासून ती इथे होती. सुट्टीच्या दिवशी इथल्या यंत्रांची घरघर तिला आपल्या फ्लॅटमधल्या शांततेपेक्षा बरी वाटायची.

दाणे म्हणजे मेंदूचे दाणे. रुग्णाच्या दंडातून थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना मागे मागे नेत गर्भातल्या पेशींइतकं कोवळं करायचं आणि मग मेंदूच्या वाटेने वाढू द्यायचं. काही महिन्यांत मसुरीच्या डाळीएवढा गोळा तयार होतो. त्याला मन नसतं, आठवणी नसतात, त्याला दुःखही होत नाही. पण त्यातल्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक इशारे देत राहतात, आणि त्या इशाऱ्यांचा ठेका त्या माणसाच्या जनुकांप्रमाणे पडतो. निरोगी माणसाच्या दाण्याचा ठेका संथ, एकसारखा. काही घराण्यांत मात्र मनाचा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतो. त्या घराण्यांतल्या आजारी माणसाच्या दाण्याचा ठेका मध्येच उसळतो आणि मग दिवसचे दिवस निपचित पडून राहतो. पूर्वी डॉक्टर गोळ्या माणसावरच आजमावून बघत, आणि योग्य गोळी सापडेपर्यंत कितीदा तरी माणूस हातचा जाई. आता गोळी आधी दाण्यावर आजमावता येत होती.

प्रयोगशाळेचा पहिला नियम असा, की एका वाटीत एकच दाणा. काचेच्या तबकात बोटाच्या पेराएवढ्या वाट्या, वाटीत गुलाबी पोषकद्रव, आणि प्रत्येकीत एकेक दाणा आपापला. दोन माणसांचे दाणे एकत्र आले की नमुना बिघडला, असं नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला कुंतला पहिल्याच दिवशी बजावत असे.

सगळ्यात जुन्या तबकात दोन वाट्या शेजारी शेजारी होत्या. एका वाटीत श्रेणिकचा दाणा होता, तो घरी असताना घेतलेल्या रक्तातून वाढवलेला. श्रेणिक हा तिचा धाकटा भाऊ, अकरा वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेला. दुसऱ्या वाटीत तिचा स्वतःचा. तुलनेसाठी त्याच घरातलं एक धडधाकट माणूस लागतं, म्हणून तिने आपलं रक्त दिलं होतं. वाटीवरच्या पट्टीवर तिचं नाव नव्हतं, नुसतं ‘निरोगी नमुना’ एवढंच होतं.

श्रेणिक गेला त्या दिवसाबद्दल ती कुणाशी बोलत नसे. आईवडील गेल्यावर तो तिच्याकडेच राहायचा. ‘याला शांत ठेवा, माणसांची वर्दळ नको,’ असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि कुंतलाने ते अगदी मनावर घेतलं होतं. शेजाऱ्यांना यायला मना केलं, टीव्ही काढून टाकला. ती स्वतः सकाळी निघायची ती दिवे लागल्यावर परतायची. मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. जैनांच्या घरी ती पाळतात, पण कामापायी कुंतलाची कधीच सुटली होती. श्रेणिक मात्र उजेडी एकटाच जेवून घ्यायचा, आणि ती आली की दारातच विचारायचा, “अक्का, जेवलीस काय?” एका संध्याकाळी ती आली तर विचारायला कुणी नव्हतं. ओट्यावर त्याचं ताट धुऊन उपडं ठेवलेलं होतं.

पोलीस, वर्तमानपत्रं, स्टेशनं सगळं झालं. मग तिने शोध थांबवला आणि दाणा सांभाळला. तो सापडेल तेव्हा त्याचं औषध तयार असलं पाहिजे, एवढा एकच हट्ट तिने धरला. आणि औषध सापडलंही होतं. आजाराचं मूळ ज्या जनुकात होतं ते पेशीच्या अंगावर एक दार बांधतं. शेजारच्या पेशींचे इशारे त्या दारातून आत येतात. आजारी माणसांमध्ये हे दार सताड उघडं. ‘सतरा नंबर’चं औषध ते दार बंद करायचं. एक सुई घेतली की सात-आठ वर्षं बघायला नको. श्रेणिकचा दाणा सतरा नंबर दिल्यावर असा ठेक्यात चालू लागला, की कुंतला त्या आलेखासमोर पदर तोंडाला लावून रडली होती. औषधाचा अंमल नंतर मुद्दाम उतरू दिला, तेव्हा दाणा पुन्हा उसळला. आता मुंबईच्या समितीची मंजुरी तेवढी बाकी होती.

त्या रविवारी शेवटची वाटी भरून झाली आणि तिचा फोन वाजला. बेवारस माणसांच्या जनुकांची देशभर नोंद ठेवणारी यंत्रणा गेल्या वर्षीच सुरू झाली होती, आणि तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, “मॅडम, तुमच्या नमुन्याशी जुळणारा सख्खा भाऊ सापडलाय. वेंगुर्ल्याजवळ मनोरुग्णांचा एक निवास आहे, तिथं आहेत. तब्येत ठीक आहे.”

कुंतला खुर्चीवर बसली. वेंगुर्ला. सकाळी निघालं तर जेवायला पोचता येईल इतकं जवळ.

*

गाडी स्वतःची स्वतः चालायची, पण आंबोलीच्या घाटात आली की माणसाला चाक धरायला सांगायची. घाट उतरताना कुंतलाने चाक इतकं घट्ट धरलं की बोटं दुखली. काय बोलायचं ते तिने दहादा ठरवलं आणि दहादा विसरली.

निवासाचे डॉक्टर परुळेकर पन्नाशीतले, बोलायला मोकळे होते. श्रेणिक त्यांच्याकडे आठ वर्षं होता. आला तेव्हा नाव सांगेना, गाव सांगेना. “आणि रात्रीचं जेवेना,” परुळेकर म्हणाले. “अन्नात विष आहे असा संशय असणार, असं मी धरून चाललो. दोन वर्षं त्याचे डोस वाढवत होतो हो मी. मग एकदा वादळात वीज गेली, म्हणून उजेडातच स्वयंपाक उरकला. तर हा पठ्ठ्या ताटावर बसला आणि दोनदा भात मागून घेतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जैनाच्या पोराला मी जेवणाच्या वेळेपायी वेडा ठरवत होतो. तेव्हापासून आमचं सगळं घर उजेडीच जेवतं.”

कुंतलाला हसू आलं.

श्रेणिक पडवीत काजू सोलत बसला होता. केस पांढरे झालेले, बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली. शेजारी दहाबारा माणसं तेच काम करत होती. त्याने मान वर केली, तिला नीट पाहून घेतलं, आणि अकरा वर्षं मध्ये गेलीच नाहीत अशा आवाजात म्हणाला, “अक्का, जेवलीस काय?”

तिने नाही म्हणून मान हलवली. मग तिथेच खाली बसून त्याचा तो काळा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही.

ती तिथे काही दिवस राहिली. कागदपत्रं होती, त्याच्या तपासण्या होत्या. श्रेणिकचा आजार गेलेला नव्हता. अधूनमधून तो उसळायचा, मधूनच गप्प होऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. पण पूर्वीसारखा खोल जात नव्हता, आणि परुळेकरांच्या गोळ्याही आता अगदी हलक्या होत्या. तीसेक माणसांच्या लांबलचक खोलीत त्याची खाट बाबल नावाच्या एका म्हाताऱ्याच्या शेजारी होती. बाबलची टकळी दिवसभर चालू असायची. कुंतला दिसल्यावर त्याने तिला अडवलंच.

“तुमी ह्येची भैण? ह्येका व्हरूक इलास काय?”

“हो. घरी न्यायला आलेय.”

“व्हरा, व्हरा. पण मगे सांजच्या जेवणाक आमका हाक कोण मारतलो? दिस बुडाक लागलो की ह्योच आमका ताटार बसयता.” आणि तो तोंड फिरवून उशी झटकत बसला.

संध्याकाळच्या जेवणानंतर दोघं भावंडं सुरूच्या बनात फिरायला गेली. कुंतलाने त्याला सगळं समजावून सांगितलं. दाणा, दार, सतरा नंबर. श्रेणिक लक्ष देऊन ऐकत होता. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत शिकला होता, आणि बुद्धीला त्याच्या कधी काही झालंच नव्हतं.

“म्हणजे ती सुई घेतली की मी बरा होणार.”

“पूर्ण बरा. हे डोहात गेल्यासारखं होणं नाही, उसळणं नाही. तुला कुणी सांभाळायला नको. एकटा राहू शकशील, श्रेणिक.”

“एकटं कशाला राहायचं?” त्याने विचारलं. भांडायला नव्हे, खरोखरच कळलं नाही म्हणून.

कुंतलाने विषय बदलला, वाईट दिवसांत तो काय करतो असं विचारलं.

“काय न्हाई. पडून राहतो. बाबल शेजारी बडबडत असतोय. मी काय ऐकत न्हाई त्याचं, पण आवाज असतोय.” मग त्याने विचारलं, “तू अजून त्याच घरात?”

“हो.”

“एकटीच?”

“हो.”

“मग येतो मी,” श्रेणिक म्हणाला. “सुई पण घेतो. तुला बरं वाटणार असंल तर घेतो की.”

कुंतलाला एवढा आनंद झाला की त्या वाक्याच्या आत काय आहे हे बघायचं तिने टाळलं. सुई आणायला आणि त्याची खोली लावायला ती एकटीच मिरजेला परतली. येत्या रविवारी न्यायला येते, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

*

तिची सहकारी डॉ. नाझनीन मुजावर दारातच उभी होती. चेहरा पडलेला. कामात इतकी चोख मुलगी अशी उभी म्हणजे काहीतरी घडलं होतं.

“मॅडम, आधी सांगते, मग रागवा. तुम्ही गेलात त्याच दिवशी मोठं उबयंत्र बंद पडलं. सगळे दाणे छोट्यात हलवायला लागले. जागा पुरेना. म्हणून तुमचं जुनं तबक काढलं आणि तुमचा आणि श्रेणिकदादांचा दाणा एका वाटीत ठेवला.”

“एका वाटीत?”

“परक्यांचे मिसळले असते तर नमुने वाया गेले असते. हे दोघं घरचेच, भाऊबहीण. म्हटलं, चार दिवस राहतील एकत्र.” नाझनीनने मान खाली घातली. “घरात पाहुणे आले की आमच्यात असंच झोपवतात पोरांना. त्याच सवयीने केलं बघा.”

कुंतलाला रागवायला सवडच मिळाली नाही, कारण नाझनीनने पडद्यावर आलेख लावला होता. श्रेणिकच्या दाण्याची रेघ पहिल्या दिवशी नेहमीसारखी खालीवर होत होती. मग तिची उसळी कमी झाली. तिसऱ्या दिवसापासून ती अशी शांत चालली होती, की सतरा नंबर दिल्यावरही इतकी सुरेख चालली नव्हती.

“औषधाचा डोस कधी दिलास?”

“दिलाच नाही, मॅडम. थेंबही नाही.”

कुंतलाला सगळा हिशेब उलगडत गेला, आणि तिला तो नको होता. दार सताड उघडं असतं, हे खरं. पण ते आजारासाठी उघडं नसतंच. शेजारच्यांचे इशारे आत यावेत म्हणून ते उघडं असतं. इशारे येत राहिले तर पेशी त्यांच्याबरोबर चालतात. शेजारी कुणी नसलं, की उघड्या दाराशी वाट बघून बघून बिथरतात. अकरा वर्षं ती श्रेणिकच्या दाण्यात जो आजार मोजत आली, त्यातला निम्माअधिक तिनेच त्याला वेगळ्या वाटीत ठेवून वाढवला होता. आणि त्याच्यावर औषध म्हणून काय शोधलं, तर दार बंद करायचं.

श्रेणिक गेला त्याआधीचं ते घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. टीव्ही नसलेलं, कुणी न येणारं.

“अजून एक आहे,” नाझनीन हळूच म्हणाली. “यंत्र दुरुस्त झालं तसे काल मी दोघांना परत आपापल्या वाटीत ठेवलं. श्रेणिकदादांचा पुन्हा उसळला. ते ठीकच. पण हा बघा.”

दुसरी रेघ निरोगी नमुन्याची होती. इतकी वर्षं ती आखल्यासारखी सरळ चालत आली होती. दोघं एका वाटीत असताना ती किंचित हलू लागली होती, श्रेणिकच्या ठेक्याला ठेका देत. आणि कालपासून, वेगळी झाल्यापासून, ती चुकत होती. मध्येच थांबायची, काहीतरी येईल म्हणून थांबल्यासारखी, आणि मग वेडीवाकडी धावायची.

“जनुक तर तुमचं चांगलंच आहे, मॅडम. मग हे कसं?”

“दार सगळ्यांनाच असतं,” कुंतला म्हणाली. “माझं लावलेलं होतं. वापरात आलं, तसं उघडलं.”

नाझनीनला तिचा आवाज चमत्कारिक वाटला असावा. ती मदतीच्या सुरात म्हणाली, “तुमच्या दाण्यालाही सतरा नंबर देऊन बघू का? लगेच शांत होईल.”

“नको.”

“नमुना बिघडलेलाच राहील मग.”

“राहू दे. दोघांना पुन्हा एका वाटीत ठेव. पट्टीवरचं ते ‘निरोगी’ तेवढं काढ.”

*

समितीपुढे तिने हे सगळं मांडलं, काही न लपवता. पडद्यावरच्या पाचही जणांनी अदबीने ऐकून घेतलं. अध्यक्ष शेवटी म्हणाले, “मॅडम, तुमचं निरीक्षण फार सुंदर आहे. पण सोबत दुकानात मिळत नाही. सुई मिळेल. शहरांत निम्मी माणसं एकटी राहतात, त्यांनी काय करायचं?”

ज्यांना खरोखरच कुणी नाही त्यांना सतरा नंबर तारेल, हे खरंच होतं. तिने एवढंच मागितलं, की सुई काय बरं करते त्याआधी ती काय बंद करते हे रुग्णाला सांगावं. त्यांनी ते मान्य केलं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. मंजुरी त्याच बैठकीत मिळाली.

श्रेणिकची सुई शीतपेटीत तयार होती. रविवार जवळ येत चालला होता. ‘सुई न देता त्याला आणलं तर?’ असंही कुंतलाने स्वतःला विचारून पाहिलं. पण ती सकाळी जाणार, दिवे लागल्यावर येणार, आणि दिवसभर तो त्या घरात. म्हणजे आज ना उद्या सुई आलीच. नोकरी सोडावी, तर तबकांमध्ये कितीतरी घरांचे दाणे तिच्या भरवशावर होते. आणि खरं सांगायचं तर माणसांच्या गोतावळ्यात राहायला तिला येतच नव्हतं. ती ते कधी शिकलीच नव्हती. तो आला असता तर तिच्या घराला शोभेल असा होऊन आला असता, दार लावून. तिला भाऊ मिळाला असता आणि त्याला कुणीच मिळालं नसतं.

शनिवारी ती उन्हं कलायच्या आत घरी आली. असं ती कित्येक वर्षांत आली नव्हती. तिने निवासात फोन लावला.

“श्रेणिक, मी उद्या न्यायला येत नाही रे.”

“का गं? माझं काय चुकलं?”

“तुझं नाही. माझंच चुकलं होतं. सुई घेऊ नकोस. तिथेच राहा, बाबलच्या शेजारी. मी येत जाईन भेटायला.”

“मग तू?”

“माझं काय? मी आहे की.” तिचा आवाज फुटला आणि तो तिला सावरता आला नाही. “मला तू हवा होतास, श्रेणिक. फार हवा होतास.”

मागून माणसांची कुजबुज, भांड्यांचे आवाज येत होते. मग त्याने विचारलं, “अक्का, जेवलीस काय?”

“नाही अजून.”

“तिकडं उजेड हाय काय?”

तिने खिडकीतून पाहिलं. समोरच्या गच्चीवर पिवळं ऊन रेंगाळत होतं. “आहे थोडा.”

“मग वाढून घे. फोन ताटाशेजारी ठेव, बंद करू नको. आमी पण बसतोय.”

सकाळचा भात होता, दही होतं. तिने ताट वाढून घेतलं आणि फोन शेजारी ठेवला. पलीकडे श्रेणिकने हाक मारली, बाकं सरकली, तीस ताटं वाजली. कुणीतरी आमटी पातळ म्हणून कुरकुरलं, बाबलने त्याला झापलं आणि स्वतःच दुप्पट कुरकुरला. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. कुंतला एकेक घास घेत ऐकत राहिली.

जेवणं झाली तसे आवाज पांगले. “झालं काय तुझं?” श्रेणिकने विचारलं. “ताट धू मग. आणि उद्या लवकर ये घरी.” फोन बंद झाला.

घर पुन्हा होतं तसं शांत झालं. आजवर या शांततेत तिला कधी काही झालं नव्हतं. आज झालं, छातीत दुखावं इतकं झालं. शीतपेटीतल्या सुईची आठवणही झाली, श्रेणिकसाठी बनवलेली ती सुई सख्ख्या बहिणीलाही चालली असती. हात वाळेपर्यंत कुंतला तशीच बसून राहिली. मग उठून तिने ताट धुतलं आणि ओट्यावर उपडं ठेवलं.